ट्वायलाइट झोन अजून का पाहावंसं वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या त्या अमेरिकी विज्ञानमालिका, दर भागाला नवी गोष्ट, नवी माणसं, रंगाचा पत्ता नाही, यानं खेळण्यातली वाटतात आणि गाजलेले शेवट तर न पाहताच सगळ्यांना ठाऊक. तरी लोक त्या पुन्हा पुन्हा का बघतात? हा नुसता जुन्या आठवणींचा उमाळा आहे की त्यांत खरंच काही आहे? आणि वेबसाठी वीस-पंचवीस मिनिटांच्या गोष्टी लिहू बघणाऱ्याने त्या पाहाव्यात का?

पाहाव्यात. आठवणींच्या उमाळ्याचं म्हणाल तर ते आपल्याला लागूच पडत नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी त्या लहानपणी पाहिलेल्याच नाहीत. मीही या धंद्यात पडल्यावर पाहिल्या, त्याही शिकायच्या म्हणून. मालिका लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. रोजच्या मालिकांचे एपिसोड लिहिले, एका भागात गोष्ट संपवणाऱ्या मालिकाही लिहिल्या, आणि आता पटकथेच्या वर्गात पोरांना हे जुने भाग दाखवतो. म्हणून हे उत्तर लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

सगळ्यांबद्दल एकदम बोलण्यापेक्षा ‘द ट्वायलाइट झोन’ हीच मुख्य धरतो, बाकीच्या ओघात येतील. सीबीएस वाहिनीवर २ ऑक्टोबर १९५९ला ती सुरू झाली आणि जून १९६४मध्ये संपली. पाच सीझन, १५६ भाग. त्यांतल्या ९२ भागांच्या पटकथा एकट्या रॉड सर्लिंगच्या. तोच निर्माता, तोच पडद्यावर येऊन प्रस्तावना करणारा काळ्या सुटातला माणूस. बाकीच्या भागांपैकी बरेच चार्ल्स बोमाँट आणि रिचर्ड मॅथसन या दोघांनी लिहिले. ज्यांनी आठवड्याला एक एपिसोड देऊन पाहिलाय, त्यांना ९२ हा आकडा वाचूनच धाप लागेल. सर्लिंग पटकथा टाइप करत बसायचा नाही. यंत्रात बोलून रेकॉर्ड करायचा आणि सेक्रेटरी ती उतरवून घ्यायची. संवाद कानाला चांगले लागतात ते यामुळे, आणि कधीकधी पात्रं भाषण ठोकायला लागतात तेही बहुधा यामुळेच.

आता मुद्द्यावर येतो. या मालिका शेवटच्या धक्क्यावर टिकल्या हा समज आधी काढून टाका. धक्का एकदाच बसतो. एकदा कळलेलं कोडं कुणी दुसऱ्यांदा सोडवत बसत नाही. टिकले ते असे भाग, ज्यांत आपल्याला एकच अशक्य गोष्ट मान्य करायला लावली जाते आणि त्यानंतर त्यातली माणसं अगदी आपल्या ओळखीच्या माणसांसारखी वागतात. अशक्य गोष्ट एक, फक्त एक. दुसरी घातली की गोष्ट ढासळते. ज्या भागांत सर्लिंगने हे पाळलं ते आजही ताजे आहेत, जिथे नाही पाळलं ते आज बघवत नाहीत.

‘वॉकिंग डिस्टन्स’ हा पहिल्याच महिन्यातला भाग घ्या. मार्टिन स्लोन हा छत्तिशीतला माणूस, जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, कामाला विटलेला. गाडी दुरुस्तीला टाकतो आणि दीड मैलावरच्या आपल्या जन्मगावी पायी निघतो. गावात शिरून दुकानात चॉकलेट सोडा मागतो, आइस्क्रीमचे तीन गोळे घातलेला. किंमत दहा सेंट. तो म्हणतो, या भावात तुमचं दुकान बुडेल. दुकानदाराला कळत नाही हा काय बोलतोय. इथे आपल्याला कळतं की हा आपल्या लहानपणात येऊन पोचलाय. यंत्र नाही, धूर नाही, कुणी कसलाही खुलासा करत नाही. पुढे तो स्वतःच्या घराचं दार वाजवतो, तरुण आईबाप त्याला वेडा समजून हाकलतात. तो अकरा वर्षांच्या स्वतःला गाठायला जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांपाशी जातो, फक्त एवढं सांगायला की बाबा रे, हे दिवस भोगून घे. पोरगा घाबरून पळतो, पडतो, पायाला लागतं. त्याच क्षणी मोठा मार्टिनही पाय धरून कळवळतो. शेवटी वडील येतात. मुलाचं पाकीट त्यांनी उघडून पाहिलेलं असतं, त्यातली कागदपत्रं आणि नोटांवरची पुढची सालं पाहून त्यांना पटलेलं असतं. ते शांतपणे सांगतात की इथे तुला जागा नाही, परत जा. परत आल्यावर त्याच दुकानात तो सोडा विचारतो. पस्तीस सेंट. आणि आता तो लंगडत असतो.

यात धक्का आहे का? नाही. तरी सर्लिंगच्या चाहत्यांना विचारा, हा भाग पहिल्या पाचांत येतोच. दहा सेंट आणि पस्तीस सेंट या दोन आकड्यांनी काळाचं यंत्र उभं केलंय. मी हा भाग वर्गात दाखवतो तेव्हा मुलांना एकच काम देतो: काल बदलला हे सांगणारं एकही वाक्य न लिहिता काल बदलून दाखवा. निम्मी मुलं भिंतीवर कॅलेंडर लावतात. चालतं, पण भाव विचारण्यात माणूस बोलतो, कॅलेंडर बोलत नाही. सर्लिंगने हे गाव बिंगहॅम्टनवरून घेतलं, न्यूयॉर्क राज्यातलं, जिथे तो वाढला. तिथल्या बागेत तसे घोडे होते, तसा बँडचा मंडपही होता. दुसऱ्या महायुद्धात पॅराट्रूपर म्हणून फिलिपिन्समध्ये लढून आलेला, डोळ्यांसमोर मित्र गमावलेला माणूस बालपणाकडे असा वळून का बघतो, हे वेगळं सांगायची गरज नाही. संगीत बर्नार्ड हरमनचं आहे, नुसत्या तंतुवाद्यांनी पोटात कालवाकालव होते.

दुसरा भाग जरा जवळून बघू, कारण पटकथा शिकायची तर माझ्या मते याच्यापेक्षा चांगला धडा नाही. ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’, मार्च १९६०. उन्हाळा सरत आलेला, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास एक नीटनेटकी गल्ली. पोरं खेळतायत, कुणी गाडी धुतंय. आकाशातून काहीतरी मोठा आवाज करत, झळाळत जातं. लगेच वीज जाते, फोन बंद, गाड्या सुरू होईनात. आपल्याकडे वीज गेल्यावर लोक घराबाहेर येतात तसे सगळे रस्त्यावर येतात. पीट व्हॅन हॉर्न नावाचा शेजारी पलीकडच्या गल्लीत काय झालंय ते बघून येतो म्हणून निघून जातो.

मग टॉमी नावाचा एक पोरगा म्हणतो, हे परग्रहवाल्यांचं काम आहे, ते आधी माणसांसारखं दिसणारं एखादं कुटुंब पाठवतात. त्याने हे कॉमिकमध्ये वाचलंय. मोठी माणसं हसतात. नेमकी तेवढ्यात लेस गुडमन याची गाडी आपोआप सुरू होते. हसू थांबतं. कुणाला तरी आठवतं की हा गुडमन रात्री-बेरात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे बघत असतो. तो म्हणतो, अहो, मला झोप येत नाही. आणि निद्रानाश हा आरोपीविरुद्धचा पुरावा होऊन बसतो.

इथे थांबा. ‘मला झोप येत नाही’ हे वाक्य भागाच्या सुरुवातीला आलं असतं तर कुणाला सहानुभूती वाटली असती. गाडी सुरू झाल्यानंतर आलं म्हणून ते कबुलीजबाबासारखं ऐकू येतं. वाक्य तेच, जागा वेगळी. पुढे स्टीव्ह, जो सगळ्यांना समजुतीच्या गोष्टी सांगत असतो, त्याच्या तळघरात रेडिओचा संच आहे असं त्याच्या बायकोच्याच तोंडून निघतं. बायको त्याची बाजू घ्यायला जाते आणि त्यालाच गोत्यात आणते. मग अंधारातून एक आकृती चालत येते, चार्ली नावाचा माणूस घाबरून बंदूक चालवतो, आणि मरतो तो परत येणारा व्हॅन हॉर्न. आता चार्लीच्या घरात दिवे लागतात. दगड चार्लीकडे वळतात. तो जीव वाचवायला बोट दाखवतो ते त्या पोराकडे, टॉमीकडे. पंचवीस मिनिटांत गल्लीचं रणांगण होतं.

शेवटी टेकडीवर दोन परग्रहवासी उभे असतात. त्यांनी केलंय एवढंच की थोड्या यंत्रांची बटणं बंद-चालू केलीत. बाकी सगळं माणसांनी आपलं आपण केलं. हा शेवट माहीत असूनही भाग पुन्हा पाहता येतो, कारण खरी गोष्ट टेकडीवर घडतच नाही. दुसऱ्यांदा पाहताना नजर जाते ती प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायच्या आधीचा क्षणभर कसा घालवतो तिकडे. पुढचा माणूस अडकला की आपण सुटलो, हा तो क्षण. सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

१९६०मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकाला या गोष्टीत काय दिसत होतं हेही सांगायला हवं. सिनेटर मॅकार्थीने जागोजाग कम्युनिस्ट शोधण्याचा जो सपाटा लावला होता, तो ओसरून फार वर्षं झाली नव्हती. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं नाव दिलं होतं, लेखकांची कामं गेली होती. हे उघड लिहिलं असतं तर वाहिनीने दारातही उभं केलं नसतं.

सर्लिंग विज्ञानकथेकडे वळला तो मुळात यामुळेच. त्याला त्या आधी टीव्हीवरच्या वास्तववादी नाटकांनी नाव मिळवून दिलं होतं: १९५५चं ‘पॅटर्न्स’, १९५६चं ‘रिक्वियम फॉर अ हेवीवेट’. याच सुमारास त्याने एमेट टिलच्या खुनावर लिहायला घेतलं. टिल हा शिकागोचा चौदा वर्षांचा काळा मुलगा. ऑगस्ट १९५५मध्ये मिसिसिपीत त्याला हाल करून मारलं आणि फक्त गोऱ्यांच्या ज्यूरीने मारेकऱ्यांना सोडून दिलं. सर्लिंगचं ‘नून ऑन डूम्सडे’ प्रक्षेपित होईपर्यंत कथा दक्षिणेतून न्यू इंग्लंडमध्ये गेली, मारला गेलेला माणूस कुणी तरी अनामिक परका झाला, आणि दक्षिणेची आठवण नको म्हणून सेटवरच्या कोका-कोलाच्या बाटल्याही हलवल्या. दोन वर्षांनी त्याने त्याच विषयाला पुन्हा हात घातला, तर गोष्ट शंभर वर्षं मागे, नैऋत्येकडच्या एका गावात ढकलली गेली. प्रायोजकांचा हात तेव्हा असा लांब होता. १९५९मध्ये नाझी युद्धगुन्हेगारांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यावरचं एक टीव्ही नाटक गॅस उद्योगाच्या संघटनेने प्रायोजित केलं होतं. त्यात छळछावण्यांच्या संदर्भात आलेला ‘गॅस’ हा शब्द ऐनवेळी आवाज बंद करून गाळला. आज कुणी असा प्रसंग पटकथेत लिहिला तर मी ‘अतिशयोक्ती होतेय’ म्हणून खोडला असता.

नवी मालिका सुरू होण्याच्या काही दिवस आधी माइक वॉलेस या टीव्ही पत्रकाराने सर्लिंगची मुलाखत घेतली. म्हणजे आता तुम्ही टीव्हीसाठी महत्त्वाचं काही लिहायचं सोडून दिलंत तर, अशा अर्थाचं वॉलेस विचारतो. सर्लिंग कबूल करतो की चालू सामाजिक प्रश्नांना मी आता नाटकातून हात घालणार नाही. साफ थाप होती. त्यानंतरच्या पाच वर्षांत त्याने जमावाचा उन्माद, अणुबॉम्बची भीती, दाखाऊची नाझी छळछावणी, हुकूमशाहीची चटक लागलेला तरुण, सगळ्यावर लिहिलं. प्रायोजकांना वाटलं, चला, मंगळावरची माणसं आहेत, कुणाच्या भावना दुखावणार नाहीत.

हे लक्षात घेतलं की या मालिका शिळ्या का होत नाहीत तेही उलगडतं. टिलवरची गोष्ट सरळ लिहायला मिळाली असती तर ती मोलाचीच झाली असती, आणि कदाचित तिचा काळही तिला चिकटून राहिला असता. कुठली गल्ली, कोणता पक्ष, कोण सिनेटर ही नावं काढून टाकावी लागली म्हणून ‘मेपल स्ट्रीट’ कुठल्याही गावाला बसते. सेन्सॉरशिपचे आभार मानावेत असं मला म्हणायचं नाही. तिने सर्लिंगची चांगली वर्षं खाल्ली. पण अडथळ्यातून वाट काढताना त्याच्या हाताला जे हत्यार लागलं, ते त्याला अगदी फिट्ट बसलं.

आता करामतीबद्दल थोडं. ‘आय ऑफ द बिहोल्डर’, नोव्हेंबर १९६०. एक बाई, चेहरा पूर्ण पट्ट्यांत गुंडाळलेला, हॉस्पिटलच्या खोलीत. तिचा चेहरा इतका विद्रूप आहे म्हणे की सरकारी खर्चाने अकरावा उपचार चाललाय, हा शेवटचा. डॉक्टर आणि नर्स तिच्याशी फार मायेने बोलतात. पट्ट्या निघतात तेव्हा आतून सुंदर बाई निघते आणि डॉक्टर हादरून मागे सरतात. मग आपल्याला त्यांचे चेहरे दिसतात: डुकरासारखी नाकं, खोल गेलेले डोळे, वाकडे ओठ.

गोष्ट एका ओळीत सांगता येते. पडद्यावर आणणं महाकठीण. अख्खा भाग ज्या खोलीत घडतो तिथल्या एकाही माणसाचा चेहरा प्रेक्षकाला दिसता कामा नये, आणि तो मुद्दाम लपवलाय हे जाणवताही कामा नये. दिग्दर्शक डग्लस हेझ आणि छायाचित्रकार जॉर्ज क्लेमेन्स यांनी हे कसं केलं ते आवाज बंद करून बघा. नर्स बोलता बोलता सिगारेट पेटवते ती सावलीत. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभा राहतो, कारण तो दमलाय, त्याला वाईट वाटतंय. माणसं चेहरा फिरवतात त्याला प्रत्येक वेळी मनातलं कारण आहे. हेझने नटही आवाज ऐकून निवडले, कानाला प्रेमळ वाटतील असे. पट्ट्यांमागे मॅक्सिन स्टुअर्ट आहे, पट्ट्या निघाल्यावर दिसते ती डोना डग्लस. मुखवटे विल्यम टटलचे. म्हणूनच हा भाग दुसऱ्यांदा जास्त चांगला वाटतो: पहिल्यांदा आपण बाईकडे बघतो, दुसऱ्यांदा त्या दयाळू डॉक्टरकडे. त्याची दया खरी आहे, आणि त्याच्या पोटातला कायदाही खरा आहे. अशा बाईला शेवटी तिच्यासारख्यांच्या वस्तीत पाठवणार आहेत. वस्तीत पाठवणं हा उपाय म्हणून किती सहज सुचवला जातो, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

कमी पैशांत काम भागवण्याचीही एक गंमत आहे. दर आठवड्याला नवी दुनिया उभी करायची म्हणजे खर्च. ही मालिका एमजीएम स्टुडिओत व्हायची, साधारण एक दिवस तालीम आणि तीन दिवस शूटिंग. स्टुडिओत जुन्या सिनेमांच्या गल्ल्या आयत्या उभ्या होत्या. मेपल स्ट्रीटही तशीच आयती. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या १९५६च्या सिनेमासाठी बनवलेली उडती तबकडी, गणवेश, सामान वर्षानुवर्षं वापरलं गेलं. दुसऱ्या सीझनमध्ये वाहिनीने हात आखडता घेतला तेव्हा सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर केले. ते पाहताना लगेच ओळखू येतात, नाटकाच्या चित्रीकरणासारखे दिसतात. सगळ्यांना ठाऊक असलेली ती चार सुरांची गिटारही खास या मालिकेसाठी बसून रचलेली नाही. मारियस कॉन्स्टंट या संगीतकाराचे सीबीएसच्या संग्रहात पडलेले दोन छोटे तुकडे जोडून ती बनली. आणि पाचव्या सीझनमध्ये तर फ्रेंच दिग्दर्शक रोबेर एन्रिकोचा तयार लघुपटच विकत घेऊन एक भाग म्हणून दाखवला, कारण नवा भाग करण्यापेक्षा ते स्वस्त पडलं. त्याच लघुपटाला त्या वर्षी ऑस्कर मिळालं!

या खर्चाच्या गणितातच तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू आहे: इतकं आवडतं तर असं रोज का बनत नाही? रोजच्या मालिकेला एक घर, दोन-तीन खोल्या आणि दहा माणसं पुरतात. सेट एकदा लावला की वर्षानुवर्षं वसूल होतो, प्रेक्षक सुनेच्या काळजीने परत येतो, आणि गोष्टीत पाणी घालता येतं. एका भागात संपणाऱ्या मालिकेत दर आठवड्याला नवा सेट, नवी माणसं, नवे कपडे, आणि मागच्या आठवड्यातल्या कुणाच्याही काळजीने प्रेक्षक बांधलेला नाही. दर वेळी पहिल्या मिनिटाला शून्यातून सुरुवात. चॅनेलच्या माणसाला हे कागदावर दाखवलं की तो चहा मागवतो आणि विषय बदलतो.

मराठीत म्हणूनच असं लेखन पडद्यापेक्षा कागदावर जास्त फुललं. मासिकं आणि दिवाळी अंकांनी छोट्या विज्ञानकथेला जागा दिली. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि ती बक्षिसाला आली, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. दिवाळी अंकात जे वीस पानांत जमतं त्यासाठी टीव्हीवर निर्माता लागतो, आणि निर्मात्याला तेरा आठवड्यांनंतर काय ते हवं असतं.

पण तोटा म्हणून जे सांगितलं, गोष्टीची ताकदही त्यातच आहे. कायमच्या मालिकेत नायक मरणार नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, त्याचा करार पुढच्या सीझनचा असतो. इथे कुणाचाच करार नाही. ‘टाइम इनफ अ‍ॅट लास्ट’मधला हेन्री बेमिस, बँकेतला जाड चष्म्याचा पुस्तकवेडा कारकून, बॉम्बमधून वाचतो, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पुस्तकांच्या चळती लावतो, आता वेळच वेळ आहे म्हणतो, आणि त्याचा चष्मा फुटतो. अशी क्रूर चेष्टा तुम्ही मुख्य पात्राशी दर आठवड्याला करू शकत नाही. ‘इट्स अ गुड लाइफ’मधला सहा वर्षांचा पोरगा मनात येईल त्याला नाहीसं करतो आणि अख्खं गाव त्याच्याशी गोड बोलत राहतं, यातून सुटका होतच नाही, भाग नुसता संपतो. मोठ्या मालिकेत इथून पुढे दहा भाग त्याचा पाडाव करण्यात गेले असते आणि दहशत केव्हाच विरून गेली असती.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘द आउटर लिमिट्स’ १९६३ ते १९६५, एबीसी वाहिनीवर, ४९ भाग, तासाचे. ही जास्त विज्ञानाच्या अंगाने जाणारी आणि दर भागात एक राक्षस हवाच असा निर्मात्यांचा हट्ट. कॉनराड हॉलचं छायाचित्रण मात्र अप्रतिम. पुढे त्याला तीन ऑस्कर मिळाली. त्यातला ‘डेमन विथ अ ग्लास हँड’ बघाच. हार्लन एलिसनने लिहिलेला, लॉस एंजेलिसच्या ब्रॅडबरी बिल्डिंगच्या जिन्यांत आणि लिफ्टांत जवळपास अख्खा घडणारा. एका इमारतीत मानवजातीचं भवितव्य कसं बसवायचं ते कळेल. बीबीसीची ‘आउट ऑफ द अननोन’ दर्जाने यांच्या तोडीची होती, पण तिचे अर्ध्याहून जास्त भाग आज नाहीत. टेप पुसून पुन्हा वापरायची तिथे पद्धत होती. ‘ट्वायलाइट झोन’ बहुतांश फिल्मवर असल्याने राहिली आणि पुनःप्रक्षेपणात वाढली. अर्ध्या तासाचे सुटे भाग, क्रम पाळायची गरज नाही, म्हणून कुठल्याही वाहिनीला कुठेही लावता आले. कला टिकते तेव्हा तिच्यामागे असली रुक्ष कारणंही असतात.

दोषही सांगून टाकतो, नाहीतर पाहायला बसाल आणि मला शिव्या घालाल. विनोदी भाग बहुतेक फसलेले आहेत. सर्लिंगला विनोद जमत नव्हता आणि ते त्याला कुणी सांगितलं नसावं. बायकांच्या वाट्याला बऱ्याचदा कटकट करणारी बायको येते; बेमिसची बायको त्याच्या कवितांच्या पुस्तकातल्या ओळीन् ओळी खोडून ठेवते, आणि असं का करते याला पटकथेत काहीही कारण नाही. विज्ञान तर विचारूच नका. ‘द लोन्ली’मध्ये शिक्षा भोगणारा कैदी एका लघुग्रहावर राहतो, तिथे हवा आहे, ऊन आहे, चालताना पृथ्वीवरच्यासारखे पाय पडतात, शूटिंग डेथ व्हॅलीत झालंय आणि ते लपवायचा प्रयत्नही नाही. तरी त्यातला माणूस यंत्रबाईच्या प्रेमात पडतो ते आज आधीपेक्षा जास्त पटतं, म्हणून मी ते लघुग्रहाचं सोडून देतो. १९६३चा चौथा सीझन तासाच्या भागांचा आहे. पंचवीस मिनिटांच्या कल्पनेला पन्नास मिनिटं ताणली की काय होतं ते बघायचं असेल तरच त्याच्या वाटेला जा. एक अशक्य गोष्ट अर्धा तास तोलते, तासाभरात तिला टेकू म्हणून दुसरी घालावी लागते, आणि मी वर म्हटलं तसं तिथेच ढासळायला लागतं.

पुढच्या पिढ्यांनी मालिका पुन्हा पुन्हा काढून पाहिली: १९८५ला, २००२ला, २०१९ला. प्रत्येक वेळी चार-दोन भाग चांगले निघाले आणि बाकीचे लक्षात राहिले नाहीत. पैसा, रंग, तंत्र सगळं होतं. मला वाटतं, नव्या लेखकांना लपवायला काही उरलं नव्हतं. जे म्हणायचं ते पात्रं सरळ म्हणून मोकळी होतात. २०११ला सुरू झालेली ब्रिटिश ‘ब्लॅक मिरर’ जिथे जमली तिथे जमली ती जुनाच नियम पाळून: एकच यंत्र नवं, माणसं तीच.

तुम्ही लिहायला बसणार आहात म्हणून पाहायचा क्रम सांगतो. आधी ‘मेपल स्ट्रीट’, मग ‘आय ऑफ द बिहोल्डर’, मग ‘द इन्व्हेडर्स’. या शेवटच्या भागात अ‍ॅग्नेस मूरहेड एकटी झोपडीत आहे, तिच्या तोंडी एकही शब्द नाही, आणि तरी पंचवीस मिनिटं श्वास रोखून बसाल. संवादांवर विसंबून लिहायची सवय असेल तर आधी हाच बघा. ‘वॉकिंग डिस्टन्स’ रात्री एकट्याने. ‘नाइटमेअर अ‍ॅट ट्वेंटी थाउजंड फीट’ विमानप्रवासाच्या आदल्या दिवशी नको.

आणि एक करून बघा. भाग संपताना सर्लिंग येऊन दोन-चार वाक्यांचा समारोप करतो. ती वाक्यं लागायच्या आत आवाज बंद करा आणि तुम्हाला काय समजलं ते एका ओळीत लिहून काढा, मग मागे जाऊन त्याचं ऐका. बऱ्याचदा तुमची ओळ त्याच्यापेक्षा बरी निघेल. ‘मेपल स्ट्रीट’च्या बाबतीत मात्र माझ्या वर्गातल्या एकाही पोराची अजून निघालेली नाही.